खुंटीवरचं हँडल

चोर घरात शिरला तर भांडं नेतो, रानात शिरला तर मोटारीची वायर नेतो. निंबगव्हाणला जो कुणी आला होता त्यानं कालव्याचं गेटच नेलं. सहा फूट रुंद लोखंडी दार, दाराची चौकट, दार वरखाली करणारा आट्यांचा दांडा आणि तो पेलणारा गर्डर, सगळं मिळून आठ-नऊ क्विंटल लोखंड. मागं राहिले ते दोन दगडी खांब आणि त्यांच्यामधली मोकळी जागा.

भुजंग पाटकऱ्यानं सायकल काठावर आडवी टाकली आणि तो तिथंच उभा राहिला. येलदरीचं पाणी मोठ्या कालव्यानं यायचं आणि ह्या गेटातून निंबगव्हाणच्या चारीत वळायचं. ते कुणाच्या रानात, कोणत्या वारी, किती तास सोडायचं हे पाटकरी बघतो. भुजंग अकरा वर्षं रोजंदारीवर हेच करत होता. येत्या मार्चात कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. त्या यादीचं नाव तो बायकोलासुद्धा मोठ्यानं काढू देत नव्हता; न जाणो, कुणाची नजर लागायची.

पाण्याची पाळी गुरुवारीच संपली होती, त्यामुळं कालव्यात पाणी नव्हतं. तळाला नुसता ओला गाळ होता आणि त्या गाळावरून काठापर्यंत कुणीतरी बाभळीच्या काटेरी फांद्यांचं फांजर ओढलं होतं. चाकोरी पुसायची असल्याशिवाय काट्याचं फांजर कुणी ओढत नाही. म्हणजे चाकं आली होती, आणि एवढं लोखंड बैलगाडीचं काम नव्हे.

तेवढ्यात सिताराम आला. गेटांना ग्रीस लावायचं, चारीतला गाळ काढायचा, ही त्याची कामं. तोही रोजंदारीवरच. नाव सिताराम हे आजीनं ठेवलेलं. पुढं बापानं दीक्षा घेतली, घरातले देव पूर्णा नदीत सोडले, पण पोराचं नाव तेवढं राहून गेलं. आठ वर्षं तो आणि भुजंग एकाच लिंबाखाली भाकर खात होते, अर्थात दोन वेगळ्या फडक्यांवर.

सिताराम गाळात उतरला, खांबाच्या खाचेतून बोट फिरवत राहिला. मग वर न बघताच म्हणाला, "घनानं तोडलं न्हाई, भुजंगराव. दार पार वर घेतलंय आन् मंग बोल्ट खोललेत. हँडल लावल्याबिगर हे व्हत न्हाई."

"हँडल मपल्या घरी खुंटीला हाय," भुजंग म्हणाला.

हे खोटं नव्हतं. हँडल खरंच खुंटीला होतं. फक्त ते तासाभरापूर्वी तिथं आलं होतं.

सितारामनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. मग तो पुन्हा खाच चाचपू लागला.

गोष्ट अशी होती. दांडा फिरवायचं हँडल गेटाला एकच, आणि ते पाटकऱ्यानं कुणाच्या हातात द्यायचं नाही असा हुकूम. कालव्याच्या ओव्हरसियर साहेबानं तशी सहीच घेतली होती. पण हुकूम साहेबाचा आणि गाव आप्पारावाचं. आप्पाराव म्हणजे गावातला मोठा शेतकरी, पंचायतीत त्याचा शब्द, देवळात त्याचा नारळ पहिला. त्याचा ऊस पाळीपर्यंत थांबायला तयार नसायचा. मग त्याचा मुलगा सुग्रीव मोटारसायकलवर यायचा, "पाटकरी, हँडल द्या जरा," म्हणायचा, आणि भुजंग द्यायचा. सुगीनंतर एक गाडी कडबा न मागता भुजंगच्या दारात येऊन पडायचा. ह्याला लाच म्हणतात हे भुजंगला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गावात राहून गावच्या मोठ्याला नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं, आणि म्हशीला कडबा लागतोच.

ह्या गुरुवारी सुग्रीव आला. कालव्यात गुडघाभर पाणी उरलंय, तेवढं उसाला घेतो म्हणाला. रविवारी दिवस उगवायला हँडल परत आलं. एरवी ते गाळानं आणि ग्रीसनं बरबटून यायचं. ह्या खेपेला डिझेलनं धुऊन, फडक्यानं पुसून आलं. भुजंगची बायको दैवशाला ते खुंटीला अडकवताना म्हणाली होती, "आज लय चांगली बुद्धी सुचली की सुग्रीवाला." दोघंही हसले होते. आता भुजंगला ते हसू आठवलं की घाम फुटत होता.

सोमवारी जीपमधून ओव्हरसियर साहेब आला. पंचनामा झाला. साहेबानं हँडल मागवलं, उलटसुलट करून पाहिलं, नाकाशीही नेलं.

"हे तुझ्या घराबाहेर गेलं होतं?"

"न्हाई, साहेब."

"मग दुसरं कुणीतरी करून घेतलं असणार. ज्याला गेट आतून-बाहेरून माहीत आहे असा माणूस." साहेबाची नजर उगाचच सितारामवर जाऊन आली. "आठवड्यात लोखंड सापडलं तर ठीक. नाहीतर मला वर लिहावं लागेल, आणि मग यादीतली नावं राहतील का जातील, मी सांगू शकत नाही."

त्या दिवसापासून गावाला दुसरा धंदा उरला नाही. ज्याच्या घरी नवी लोखंडी बाज दिसली त्याच्या बाजेखाली माणसं वाकून बघू लागली. एकाची बायको माहेराहून नवा तवा घेऊन आली, तर तो तवा हातोहात चार घरं फिरला. गावाबाहेर उतरलेल्या घिसाड्यांची पालं उपटून तपासली. निघाले दोन विळे आणि एक खुरपं, तेही गावानंच धार लावायला दिलेलं. चावडीवर एकमेकांना तंबाखू देणारी माणसं तंबाखू देता देता एकमेकांच्या हाताच्या घट्ट्यांकडं बघायची. संशयाला काही खायला घालावं लागत नाही, तो आपोआप पोसतो.

भुजंग सगळ्यांत जास्त बघत होता, फक्त वेगळं बघत होता. सुग्रीवाच्या ट्रॉलीच्या फळ्यांवर नवे ओरखडे दिसले. ते उसाच्या मोळ्यांचे नव्हेत. आणि दुसरीकडं तो सितारामला बघत होता. सिताराम कुणाशी बोलतोय, काय बोलतोय, साहेबाकडं तर नाही ना गेला. खऱ्या चोरापेक्षा त्याला ह्या गप्प माणसाची भीती जास्त वाटायला लागली होती.

बुधवारी आप्पारावानं चावडीवर गाव जमवलं. "पोलीस गावात आले की चोर सापडत न्हाई, निस्त्या कोंबड्या कमी व्हतात," तो म्हणाला. माणसं हसली. "आपला निवाडा आपन करू. रविवारी खंडोबापुढं बेलभंडारा. उंबऱ्यामागं एक मानूस. जो उचलंल तो सुटला. जो न्हाई उचलनार, त्याचं नाव आपन साहेबाला देऊ. गावाची बदनामी नको."

बेलभंडारा म्हणजे देवापुढच्या ताटातला बेल आणि हळद हातात घेऊन शपथ. खोटा बेल उचलला तर वर्षाच्या आत घरातलं माणूस जातं, ह्याबद्दल निंबगव्हाणात कुणाला शंका नव्हती. अशी तीन घरं नावानिशी सांगता यायची. भुजंगलाही शंका नव्हती. म्हणूनच त्याला आप्पारावाचं बोलणं ऐकून नवल वाटलं. स्वतःच्या घरात चोर असताना हा माणूस बेलाची गोष्ट काढतो कसा? का आपलाच संशय खोटा?

शुक्रवारी लिंबाखाली दोघं भाकरीला बसले. सितारामनं फडकं सोडलंच नाही.

"रविवारी मी बेल उचलनार न्हाई," तो म्हणाला.

"कामून?"

"बापानं दीक्षा घेतली, म्या घेतली. हे मानत न्हाई आमी. आज भ्याव वाटलं म्हनून खंडोबापुढं गेलो तर बापाला काय सांगू? माझ्या घराची झडती घ्या, पोलिसात जबाब देतो, रातभर हुबं करा. पन बेल न्हाई."

"आरं, गावाला काय वाटंल?"

"गावाला काय वाटतं ते मला अठ्ठ्याहत्तर सालीच कळलं, भुजंगराव."

भुजंगनं मान खाली घातली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात, नामांतराचा ठराव झाला तेव्हा, सितारामच्या वस्तीतली सात घरं पेटली होती. भुजंगनं आग लावली नव्हती. तो घरात कडी लावून बसला होता. आज त्याला दहा वर्षं झाली तरी नामांतराची गोष्ट निघाली की गाव आणि वस्ती वेगवेगळ्या वाटेनं दळणाला जायचे.

सिताराम म्हणाला, "एक इचारतो. हँडल कुनाला दिलं व्हतं का?"

"कुनालाच न्हाई."

"मंग झालं," असं म्हणून त्यानं फडकं सोडलं आणि भाकर मोडली.

त्या "मंग झालं"नं भुजंग जळून गेला. ह्याला सगळं कळलंय, हा आपल्याला खेळवतोय, योग्य वेळी साहेबापुढं नाव घेणार आणि यादीतली जागा स्वतः घेणार, असा विचार त्याच्या मनात आला. तो विचार खोटा आहे हे कळत असूनही त्यानं तो घट्ट धरून ठेवला, कारण त्यात त्याला जरा बरं वाटत होतं.

रविवारी खंडोबाच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. ताटात हळद, बेलाचा ढीग. पहिला आप्पाराव आला. पागोटं काढून त्यानं बेल हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "गेट म्या नेलं न्हाई. कुनी नेलं ते मला ठाव न्हाई. खोटं असंल तर देव बघून घेईल." त्याचा हात जराही हलला नाही. भुजंग त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. ह्या माणसाला खरंच ठाऊक नाही, हे त्याला तेव्हा कळलं. सुग्रीव देवळाबाहेर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून पान खात होता. उंबऱ्यामागं एक माणूस. बाप उचलतो, घर सुटतं. गावानं चोर धरायला जी चाळणी केली होती तिचं भोक नेमकं चोराच्या मापाचं होतं.

मग एकेक करत सगळे आले. भुजंगची पाळी आली तेव्हा दैवशाला बायकांत उभी होती. आदल्या दिवशी तिनं हात धरून सांगितलं होतं, "अवो, जे असंल ते सांगून टाका. घरात एक लेकरू हाय आपल्याला." त्यानं ऐकलं होतं आणि म्हशीला वैरण टाकायला उठला होता. आता त्यानं बेल उचलला. "गेट म्या नेलं न्हाई," इथवर आवाज नीट आला. "कुनी नेलं ते मला ठाव न्हाई," हे म्हणताना हळद बोटांतून सांडली. कुणी पाहिलं नाही. दैवशालानं पाहिलं आणि ती तिथून निघून गेली.

शेवटी वस्तीतली माणसं. ज्या पायरीवर त्यांना पिढ्यान्‌पिढ्या चढू दिलं नव्हतं तिच्यावर त्या दिवशी गाव त्यांना हात करून वर बोलावत होतं. दोघं-तिघं चाचरत वर गेले, बेल उचलून मान खाली घालून परत आले. सिताराम पायरीच्या खालीच उभा राहिला.

"ये की वर. आज कुनी अडवत न्हाई," आप्पाराव म्हणाला.

"अडवत व्हते तवा बी आमी आलो न्हाई, आप्पा. आज बी न्हाई येत. म्या चोरी केली न्हाई, हे हितूनच सांगतो."

"असं कोरडं सांगून व्हत नसतं. हात लाव बेलाला आन् सूट."

"न्हाई."

कुणी ओरडलं नाही. गर्दीतून नुसती एक हुंकारासारखी लाट गेली. सापडला. भुजंगनं सभोवार पाहिलं. आठवडाभर एकमेकांच्या बाजेखाली वाकणारी माणसं आता सैल झाली होती, एकमेकांना चुना देत होती. सितारामला ते चोर मानत होते म्हणून नव्हे, तर आपण सुटलो म्हणून. भुजंगलाही तेच वाटलं, आणि त्याची त्याला इतकी शरम वाटली की तो मागच्या बाजूनं घरी गेला.

सोमवारी पोलीस सितारामला घेऊन गेले. त्याची बायको वच्छलाबाई जीपमागं काही अंतर चालत गेली. परत येताना ती भुजंगच्या दारापुढून गेली. तिनं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं आत पाहिलंसुद्धा नाही.

मंगळवारी भुजंगला जबाबाला बोलावणं आलं. हँडलही घेऊन ये असा निरोप होता. त्यानं ते खुंटीवरून काढलं. दैवशाला चुलीपुढून उठली नाही. तो रविवारी देवळातून आला तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. त्यानं हँडल पिशवीत घातलं आणि सायकल काढली.

ठाण्यात जमादार कागद पुढं घेऊन बसला होता. सिताराम बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून होता, डोळे तांबडे झालेले. भुजंगनं त्याच्याकडं बघायचं टाळलं.

"सोपं काम आहे," जमादार म्हणाला. "हँडल तुझ्या घरी होतं, ह्या माणसाला गेटाची माहिती होती, एवढं लिहिलंय. सही कर."

"त्यानं काय सांगितलं, साहेब?"

जमादार वैतागला होता. "काय सांगतोय, डोकं. दोन दिवस विचारतोय, तुझा कुणावर संशय? नाव घे, तुला सोडतो. बरं, आपणहून काय सांगतो, तर गेट हँडलशिवाय निघत नाही. म्हटलं मग हँडल कुणाकडं होतं? तर म्हणतो," त्यानं कागद उचलून वाचलं, "हँडल पाटकऱ्याच्या घरी खुंटीला होते असे पाटकऱ्याने मला सांगितले. त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुणाचे नाव घेणार नाही." कागद टेबलावर आपटून तो म्हणाला, "असा चोर मी नोकरीत पाहिला नाही."

भुजंग तो कागद बघत राहिला. सगळं गाव संशय खाऊन जगत असताना एक माणूस असा होता की त्याच्याजवळ संशय होता, तोही खरा, आणि तो त्यानं उपाशी ठेवला होता. निव्वळ संशयावर माणसाचं नाव घेतलं की काय होतं हे त्या गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भुजंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही.

पिशवीतून हँडल काढून त्यानं टेबलावर ठेवलं.

"हे चोरीच्या आधी, गुरुवारी, आप्पारावाच्या सुग्रीवानं नेलं व्हतं. गेट गेलं त्या रईवारी सकाळी आनून दिलं, डिझेलनं धुऊन. म्या दिलं. आजवर लय येळा दिलं."

जमादारानं खुर्ची पुढं ओढली. "बेल उचललास ना तू परवा? सगळा तालुका सांगतोय."

"उचलला. तवा खोटं बोललो, साहेब. आता निस्तं सांगायलोय."

जमादारानं कोरा कागद घेतला.

दार आणि चौकट सुग्रीवाच्या रानातल्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीखाली सापडली. गर्डर आणि दांडा नांदेडकडं भंगारात गेला होता. सुग्रीव पंधरा दिवस आत राहिला, जामिनावर सुटला आणि पुन्हा मडगार्डवर बसून पान खाऊ लागला. आप्पाराव महिनाभर देवळात आला नाही. पुढं तोही येऊ लागला. पोराच्या जातीकडून चूक व्हायचीच, असं लोक म्हणाले.

भुजंगला मात्र कुणी काही माफ केलं नाही. त्यानं खोटा बेल उचलला होता. चोरीचं काय, चोरी कोण करत नाही, पण देवापुढं खोटं? बायका त्याच्या मुलीकडं बघून चुकचुकायच्या. वर्ष संपेपर्यंत गाव तिच्या खोकल्यावरसुद्धा कान ठेवून होतं. पोरगी ठणठणीत राहिली, ह्याचाही काहींना रागच आला. दैवशाला नवऱ्याशी बोलू लागली ती ठाण्यातून तो परत आला त्याच संध्याकाळी. "जेवा," एवढंच म्हणाली.

यादीतलं नाव गेलं. कामही गेलं. पुढच्या पाळीच्या आधी नवं गेट बसलं आणि साहेबानं हँडल तात्पुरतं सितारामच्या ताब्यात दिलं, कारण गेटाची माहिती असलेला दुसरा माणूस नव्हता.

त्या वर्षी भुजंगच्या दोन एकरांत गहू होता. ओंब्यांत दाणा भरायच्या वेळी तो माना टाकायला लागला. शनिवारी दुपारी भुजंग लिंबाखाली गेला. सिताराम गेटाला ग्रीस लावत होता. भुजंग काठावर बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग अकरा वर्षं जे शब्द त्याच्या दारात येऊन लोक बोलायचे तेच त्याच्या तोंडून निघाले.

"गहू वाळायलाय, सिताराम. दोन तास दे. कुनाला कळायचं न्हाई."

सितारामनं ग्रीसचा हात फडक्याला पुसला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, आणि उपकाराची परतफेड करावी असंही काही नव्हतं.

"तुमची पाळी मंगळवारी हाय, भुजंगराव," तो म्हणाला.

भुजंगला हसू आलं. एवढं एक वाक्य आपल्याला अकरा वर्षांत एकदाही म्हणता आलं नाही. त्यानं धोतर झटकलं आणि तो घराकडं निघाला. मंगळवारपर्यंत त्याला एकदाही वाटलं नाही की पाणी दुसऱ्या कुणाच्या रानात जात असेल.

मंगळवारी दिवस उगवायला पाणी त्याच्या बांधाला लागलं.